दलित कथेतला नकार

(मठाच्या वर्धापन महोत्सवात सर्वण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषयाची निवड मजवरच सोपविण्यात आली होती. मी 'मराठीतील दलित कथा' असे कळविले. त्यावर समितीतील एका स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, उत्सवाच्या मांडवात हा विषय कशाला? लोक दोन गोड शब्द ऐकायला येतात." त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे.

चोखोबांचे अभंग आपण ह्याच मांडवात म्हणतो. चोखोबा मंगळवेढ्याचे. ज्या विठ्ठलाला त्यांनी जन्मभर आळविले त्याच्या देवळात त्यांना पाऊल ठेवता आले नाही. इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा त्याखाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी ओळखून गोळा केल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ही कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. परंतु ते कुसू बांधायला चोखोबा गेले कशासाठी, हा प्रश्न कीर्तनात सहसा कोणी विचारीत नाही. ते वेठीला गेले होते. गावाचे काम निघाले की महाराने जायचे, हा रिवाज होता. आणि तो रिवाज एवढा अंगवळणी पडलेला होता की एक संत त्याखाली चिरडला गेला तरी त्याविषयी पोथी काही बोलत नाही. पुढे ज्या दाराबाहेर चोखोबांची समाधी आहे ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मधे सहाशे वर्षे गेली.

कीर्तनात जो प्रश्न येत नाही तो विचारून दलित कथा सुरू होते. माझा विषय उत्सवाला सोडून नाही, असे मला वाटते ते एवढ्याचसाठी.

आता मी प्रत्यक्ष कथांकडे वळतो. ज्या चार-पाच कथा मी मनाशी धरून आलो आहे त्यांतील पहिली बंधुमाधव ह्यांची 'विषारी भाकरी'. बंधुमाधव हे आंबेडकरी चळवळीतून आलेले कथाकार. अर्जुन डांगळे ह्यांनी १९९२ साली मराठी दलित साहित्याचा जो इंग्रजी संग्रह संपादित केला त्याला ह्याच कथेचे नाव देण्यात आले, एवढे तिचे महत्त्व मानले गेले आहे.

कथा साधी आहे. येताळ्या नावाचा म्हातारा महार आणि शाळेत शिकणारा त्याचा नातू म्हादेवा, असे दोघे बापू पाटलाच्या खळ्यावर कामाला जातात. दिवसभर राबतात. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे धान्याची चार ओंजळी मिळतील अशी म्हाताऱ्याची आशा. परंतु नातवाने मधे काही उलट बोललेले असते. पोर शिकलेले आहे, ते माणुसकीची भाषा बोलते, आणि त्या बोलण्याचा राग पाटील म्हाताऱ्याच्या पोटावर काढतो. धान्य मिळत नाही. तेव्हा म्हातारा काय करतो? बैलांनी तोंड न लावलेले, शेणामुताने माखलेले शिळ्या भाकरीचे तुकडे तो खळ्यावरून वेचून घरी आणतो. रात्री घरात तेच अन्न होते. त्या अन्नाने म्हातारा मरतो. आणि मरताना नातवाला सांगून जातो की, आपल्या जातीला चिकटलेल्या ह्या पिढीजात भाकरीवर विसंबू नकोस, जमेल तितके शीक, आणि ही भाकरी आपल्या लोकांच्या तोंडातून काढून घे.

मी ही कथा कितीदा वाचली ते सांगता यायचे नाही. प्रथम वाचली तेव्हा पाटलाचा संताप आला. पुढे पुढे मला पाटलापेक्षा म्हातारा अधिक दिसू लागला. दिवसभर तो नातवाला आवरीत असतो. गप्प राहा, धन्याशी वाद घालू नको, असे म्हणणारा हा माणूस लाचार आहे काय? मला तसे वाटत नाही. घरातल्या तोंडांचा हिशेब त्याच्या डोक्यात आहे आणि तो हिशेब नातवाच्या डोक्यात अजून आलेला नाही. नातू माणुसकी मागतो आणि आजा ओंजळभर जोंधळा मागतो. दोघांनाही काही मिळत नाही. अखेरीस आज्याला कळते की आपण जन्मभर जो हिशेब मांडला तोच मुळात खोटा होता. ती भाकरी आज विषारी झाली असे नव्हे, ती पहिल्यापासूनच तशी होती. हे कळल्यावर तो जे बोलतो तो ह्या कथेतला खरा नकार होय. पाटलासमोर तो बोललाच नाही. बोलला तो अंथरुणावर, नातवापाशी.

प्रेमचंदांची 'सद्गती' ही हिंदी कथा आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. सत्यजित राय ह्यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. त्यात दुखी चांभार पंडिताच्या दारी उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. वस्तीतले लोक प्रेत उचलायला नकार देतात आणि शेवटी पंडितच ते फासात अडकवून ओढीत नेतो. कथा थोर आहे, ह्यात शंका नाही. पण ती वाचताना दुखीच्या मनात मरताना काय होते हे आपल्याला कळत नाही. प्रेमचंदांची करुणा त्याच्याभोवती फिरते, त्याच्या तोंडी उतरत नाही. येताळ्या मात्र बोलून मरतो, आणि ज्याच्यापाशी बोलतो तोच कथा सांगतो. 'विषारी भाकरी' म्हादेवाच्याच तोंडून आलेली आहे. सहानुभूतीने लिहिलेली कथा आणि दलित लेखकाने लिहिलेली कथा ह्यांत फरक काय, असे मला विद्यार्थी विचारीत. मी त्यांना ह्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगे.

येथे थोडे घरचे बोलतो. मी जन्मलो ते पोर्तुगीज अमदानीत, ह्याच डिचोली महालात. आमच्या घरी वर्षातून दोनदा बुरडकाम करणारी एक बाई येत असे. सूप, रोवळी, टोपल्या, कणगी, सगळे तिच्या हातचे. बांबूच्या इतक्या बारीक सळया ती कशा काढी, ह्याचे मला आजही नवल वाटते. ती अंगणाच्या कडेला उभी राही. पायरीपर्यंत येत नसे. आजी वरून तिच्या पदरात तांदूळ टाकी. नवे सूप आजी अंगणात ठेवी, त्यावर पाणी शिंपडी आणि मगच ते घरात येई. सूप शेणाने सारवून वापरणे ही सोय आहे, त्याने ते टिकते. पाणी शिंपडणे ही सोय नव्हती. मग त्याच सुपातून गौरीचा ओवसा जाई, त्याच सुपातले तांदूळ देवाच्या नैवेद्याला शिजत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ती बाई आजीच्या वयाची होती, आणि मी तिला 'अगे' म्हणून एकेरी हाक मारीत असे. ती मला 'बाबा' म्हणे. ते चूक आहे असे मला कोणी सांगितले नाही, आणि मलाही ते जाणवले नाही.

तो काळ १९५८ च्या आसपासचा. त्याच वर्षी, २ मार्च रोजी, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते आणि अण्णा भाऊ साठे ह्यांनी त्याचे उद्घाटन करताना ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातावर उभी आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. ते आमच्यापर्यंत कुठून येणार! भारतीय संविधानाच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली होती. गोव्यात ते कलम आले १९६१ च्या मुक्तीनंतर. मुक्तीनंतर दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. बुरडकाम करणाऱ्या त्या बाईची नातवंडे त्या शाळांतून शिकली. पुढे मी शिक्षक झालो तेव्हा त्यांतील एक मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याच्याविषयी शेवटी सांगेन.

त्याच १९६३ साली बाबूराव बागूल ह्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. मराठी कथेत त्यामुळे जी खळबळ उडाली ती अजून शमलेली नाही, असे म्हटले तरी चालेल. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला म्हणून सुरतेजवळच्या उधना येथे जातो. परक्या गावी खोली हवी. खोली हवी तर जात सांगावी लागते, आणि जात सांगितली तर खोली मिळत नाही. तो आपली जात चोरतो. 'चोरणे' हा शब्द लक्षात घ्या. आपली स्वतःची वस्तू कोणी चोरीत नाही; परंतु ह्या समाजात माणसाला आपलीच ओळख चोरावी लागते, आणि चोरीचा दोषही त्याच्याच माथी येतो. तो शिकलेला आहे, कविता करतो. त्या कवितेच्या मोहात पडून एक सवर्ण सहकारी त्याला गुरु मानतो, घरी जेवायला नेतो. जेवणाचे ताट समोर येते तेव्हा त्याच्या जिवाची जी घालमेल होते ती बागुलांनी अशी वर्णिली आहे की वाचणाऱ्याच्या घशात घास अडकावा.

त्याच कारखान्यात काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा एक महार तरुण आहे. तो जात लपवीत नाही. कोणी टोमणा मारला तर अंगावर धावून जातो. कथानायक हे सगळे पाहतो आणि गप्प बसतो. काशिनाथाच्या बाजूने बोलावे तर आपणच उघडे पडू. शेवटी त्याचे बिंग फुटते, जमाव त्याला मारतो, आणि सोडवायला धावतो तो काशिनाथच, हाती सुरी घेऊन. तू मार का खाल्लास, असे तो विचारतो तेव्हा नायक सांगतो की मला ह्यांनी मारले नाही, मारले ते मनूने.

ह्या उत्तरावर पुष्कळ चर्चा झाली आहे. कोणी त्यात क्षमा पाहतात. जमावातली माणसे अजाण, दोष शास्त्राचा, असा अर्थ लावतात. हा अर्थ आपल्याला सोयीचा आहे, कारण मनू काही आपल्या आळीत राहत नाही! मला त्या वाक्यात क्षमेपेक्षा थकवा अधिक ऐकू येतो. कथेचा तोल नायकापेक्षा काशिनाथाकडे झुकतो, असे माझे मत आहे. ज्याने ओळख लपविली नाही त्याला रोज मार बसत होता. ज्याने लपविली त्याला एकदाच बसला, पण तो लपविण्याच्या सर्व दिवसांचा मिळून बसला. अमेरिकेत गोऱ्या रंगाकडे झुकणारे काही निग्रो स्त्रीपुरुष गोरे म्हणून वावरत असत. नेला लार्सन ह्या लेखिकेने १९२९ साली त्याच विषयावर 'पासिंग' ही कादंबरी लिहिली. तेथे कातडी लपवावी लागे, येथे आडनाव. भीती मात्र एकच, ती म्हणजे ओळखीचा माणूस भेटण्याची.

आपल्या गोमंतकालाही हा प्रश्न परका नाही. देवदासींच्या घरी जन्मलेल्या राजाराम पैंगिणकर ह्यांनी आत्मचरित्र लिहिले त्याचे नावच 'मी कोण?' असे आहे. ती दलित कथा नव्हे, आणि त्या समाजाची कहाणीही निराळी. परंतु ज्याला जन्मावरून विचारला जाणारा प्रश्न आयुष्यभर टाळता आला नाही त्याने तोच प्रश्न पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापावा, ह्यात काशिनाथाचेच धैर्य आहे. पुढे दादू मांद्रेकर ह्यांनी 'बहिष्कृत गोमंतक' लिहिले. गोव्यात जातीचा जाच नव्हता, तो घाटावरचा, असे जे आपण पाहुण्यांना सांगतो ते ह्या पुस्तकानंतर सांगणे कठीण झाले आहे.

वामन होवाळ ह्यांची 'मजल्याचं घर' ही कथा मी मांडवात वाचून दाखविणार होतो. वेळेअभावी नुसती सांगतो. बयाजी मुंबईच्या गोदीत उभा जन्म काढून निवृत्त होतो आणि साठविलेल्या पैशातून गावी घर बांधायला घेतो. साधे घर बांधले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. त्याला हवे आहे मजल्याचे घर. महाराच्या घराला मजला? गावच्या पाटलाला हे सोसत नाही. महारवाड्यातले घर बुटके असावे, उंबऱ्यातून वाकून आत जावे लागावे, हा कुठल्या कायद्यात न लिहिलेला कायदा. तरी घर उभे राहते. गृहप्रवेशाच्या रात्री ते पेटवून दिले जाते. सगळे बाहेर पळतात, आणि मग बयाजीला आठवते की वर बाबासाहेबांची तसबीर राहिली आहे. तो आगीत शिरतो. तसबीर वाचते की नाही हे गौण. बयाजी वाचत नाही. मरणापूर्वी मुले त्याला विचारतात, तुमची शेवटची इच्छा काय? तो म्हणतो, मजल्याचे घर. दुसऱ्या दिवशी दुखवट्याला आलेले लोक पाहतात तो काय, मुले जळक्या जागेवर नव्या घराचा पाया खणीत आहेत.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. बयाजीने कोणाला शिवी दिलेली नाही, कोणावर हात उगारलेला नाही. त्याने चार भिंतींवर आणखी चार भिंती चढविल्या, एवढेच. तेवढ्यासाठी त्याला जाळले. दलित साहित्य म्हणजे शिवीगाळ, अशी तक्रार करणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी. अत्याचाराला उत्तर म्हणून मुले कुदळ उचलतात ती पाटलाच्या डोक्यात घालण्यासाठी नव्हे, पाया खणण्यासाठी. आणि पाटलाला त्या कुदळीचीच जास्त भीती वाटते.

शिवीगाळीची तक्रार अगदीच खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. आपण भाविक आहोत. देवाधर्माविषयी काही दलित लेखकांनी जे लिहिले ते वाचताना आपल्याला चटका बसतो. मलाही बसला आहे. शिवाय केवळ कलेच्या दृष्टीने पाहिले तरी ह्या साहित्यात अशा कथा आहेत की ज्यांत पाटील पहिल्या ओळीपासून राक्षस असतो आणि नायक शेवटच्या ओळीत भाषण करतो. बागुलांची भाषासुद्धा कधी कधी इतकी तापते की पात्र दिसेनासे होते आणि नुसती ज्वाळा उरते. चांगल्या वाचकाने हे दोष म्हणूनच ओळखावेत. दयेने झाकू नयेत. दयेने वाचणे हाही अपमानच. परंतु देवाशी भांडणे हे काही आपल्याला नवे नाही. नामदेव विठ्ठलाशी भांडले, तुकोबांनी त्याला काय काय म्हटले ते गाथेत आहे, आणि चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळाविषयी देवाला जे विचारले त्याचे उत्तर देवाने अजून दिलेले नाही. ह्यांचे भांडण आपण भक्ती म्हणून गातो. मग त्याच वाड्यातला आजचा पदवीधर तरुण भांडला म्हणजे त्याला नास्तिक म्हणून उठवून का लावतो, ह्याचा विचार आपण घरी गेल्यावर करावा.

अण्णा भाऊंची एक कथा येथे राहून जाऊ नये. 'स्मशानातील सोनं' ह्या कथेतला भीमा मुंबईला पोटासाठी येतो, दगडाच्या खाणीत कामाला लागतो, खाण बंद पडते, आणि मग हा पहाडासारखा गडी रात्री स्मशानात जाऊन मढी उकरू लागतो. प्रेताच्या अंगावर राहिलेले गुंजभर सोने हीच त्याची मजुरी. प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे सापडतात आणि ती कायमची जातात. त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. ज्या हाताने पहार धरायची तो हात आता राहिलेला नाही. ह्यात जातीचा उच्चार जवळजवळ नाही. पण कोणाच्या वाट्याला स्मशान येते हे आपल्याला न सांगताच कळते.

स्त्रियांच्या कथांचा उल्लेख उशिरा करीत आहे, हा माझ्या व्याख्यानाचा दोष समजावा. उर्मिला पवार ह्या रत्नागिरीकडच्या, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्याच. 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' हे त्यांचे कथासंग्रह, आणि २००३ साली आलेले 'आयदान' हे आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूची भांडी. त्यांची आई ती विणून घर चालवी. 'आयदान' वाचताना मला आमच्या अंगणाच्या कडेला उभी असलेली ती बाई दिसली. बांबू चिरताना हाताला कुसळे जातात, बोटे फाटतात, हे मला त्या पुस्तकातून कळले. सूप आयुष्यभर वापरले, पण ते विणणाऱ्याच्या हाताकडे मी कधी पाहिले नव्हते.

त्यांची 'कवच' ही कथा आंबे विकणाऱ्या एका आईची आणि तिच्या शाळकरी मुलाची. बाजारात पुरुष आंब्यांच्या आडून आईच्या अंगाविषयी बोलतात, शाळेतला मास्तरही तशीच द्व्यर्थी भाषा करतो. मुलाला लाज वाटते. आईने बाजारात जाऊ नये असे त्याला वाटते. आई मात्र जाते, आणि तिला जे म्हटले जाते त्याला जिथल्या तिथे चोख उत्तर देते. मुलगा ज्याला लाज समजत होता ती आईने कवचासारखी अंगावर चढविलेली आहे. पुरुष लेखकांच्या कथांतून सहसा मुलगा शिकतो आणि आई रडते; येथे मुलगाच आईपासून शिकतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या आयाबहिणी पाटी घेऊन बसतात त्यांच्यापैकी कोणालाही ही कथा वाचून दाखवा. तिला समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्या मुलाची गोष्ट सांगून रजा घेतो. मी नववीच्या वर्गाला अवांतर वाचन म्हणून 'विषारी भाकरी' वाचून दाखविली. पाठ्यपुस्तकात नसलेले काही वाचणे मुलांना आवडते. वर्ग शांत होता. दोन मुली रडत होत्या. मी पुस्तक मिटले आणि मास्तरांच्या सवयीने विचारले, काही शंका? मागच्या बाकावरून तो मुलगा उठला, त्या बाईचा नातू. तो म्हणाला, "सर, पुढे पाटलाचे काय झाले?"

कथेत ते नाही. बंधुमाधवांनी ते लिहिले नाही. म्हातारा मेला, नातू शिकला, आणि पाटील? त्याने दुसऱ्या दिवशी खळ्यावर दुसरा महार बोलाविला असेल. त्याला कळलेही नसेल. एखादे वेळी त्याची नात आज कोठे तरी शाळेत शिक्षिका असेल आणि आपल्या आजोबांच्या दानधर्माच्या गोष्टी सांगत असेल. हे सर्व मला त्या क्षणी सुचले. परंतु त्या मुलासमोर बोलवले नाही. कारण त्याच्या आजीच्या पदरात वरून तांदूळ टाकणारे घर माझे होते, आणि त्याला ते ठाऊक होते की नव्हते हे मला ठाऊक नव्हते. मी म्हटले, "ते उद्या पाहू," आणि तास संपविला. पुढच्या दिवशी मी व्याकरण घेतले.

तो मुलगा पुढे चांगला शिकला. सरकारी नोकरीत आहे, भेटला की 'सर' म्हणून वाकून नमस्कार करतो. प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी गेलो होतो, पहिल्यांदाच. चहा झाल्यावर मी त्याला सांगितले की तुझ्या नववीतल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, आणि मग सूप, पाणी, पायरी, सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आजी सांगायची, तुमच्या घरचे तांदूळ चांगले असत." एवढेच. मला क्षमा केली की नाही, हे त्याच्या आवाजावरून मला कळले नाही. आणि विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

आज उल्लेख केलेल्यांपैकी 'जेव्हा मी जात चोरली होती', 'सहावं बोट' आणि 'आयदान' ही तीन पुस्तके मी मठाच्या वाचनालयासाठी बरोबर आणली आहेत. ती व्यवस्थापकांकडे देत आहे. पुढच्या वर्षी ह्या मांडवात ह्यांतील एखादी कथा वाचली गेली तर ती माझ्यासारख्याने न वाचता ज्यांच्या घरात ती घडली त्यांच्यापैकी कोणी वाचावी, आणि त्यांचे पान आपल्याच पंगतीत मांडले जावे, एवढी विनंती समितीला करून मी आपली रजा घेतो.